सेजलची शिफारस

४ ऑक्टोबर १९९७, शनिवार

आजच्या अंकात सेजलने अकरा उद्गारचिन्हं वापरली. मोजली मी. वापरलीही मीच!

कृष्णनाथबाब अंक नाचवत आत आले — "शंभू, हें चेडूं आमचो पेपर वयर काडटलें पळय!" चेडूं म्हणजे मुलगी. आणि ही मुलगी म्हणजे वय वर्षं छप्पन्न, टक्कल, मिशी, पायांना भेगा, रोज सकाळी त्रिफळा चूर्ण. साप्ताहिक 'उत्तरतीर'चा मुद्रितशोधक, श्राद्धाच्या आणि 'हरवले आहे'च्या जाहिरातींचा लेखक, आणि जूनपासून 'सेजलची शिफारस' या सदराची अठरा वर्षांची लेखिका.

जूनमध्ये बाब पणजीहून आले ते नवं खूळ घेऊनच. तरुण पिढी! नवी पॉप गाणी! सगळ्या पेपरांत म्हणे असं सदर असतं आणि ते मुलीनेच लिहायचं असतं. आमच्या डिचोलीच्या कचेरीत मुलगी कुठली? संपादक-मालक बाब, मी, आणि छपाईवरचा गोकुळदास. बाब माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "तूं बायलेचो पार्ट करतालो न्हय रे दशावतारांत? मगीर कर."

केला. सेजल हे नावही त्यांनीच कुठून तरी आणलं. आमच्या पेडण्यात या नावाची मुलगी मी आजवर पाहिलेली नाही. पण वाचकांना पटली! साखळी गावच्या एकाने तिला राखी पाठवली, राखी पौर्णिमा होऊन महिना उलटल्यावर.

७ ऑक्टोबर

मुंबईहून पार्सल. सहा कॅसेटी. एकीवर शर्टाची बटणं उघडी टाकून घोड्याला टेकलेला इसम. नाव — 'नीला बुखार'. दोघांत घोडा बरा दिसतो.

शिफारशीची माझी कृती ठरलेली आहे. कंपनीचं इंग्रजी पत्रक घ्यायचं. त्यातली चार वाक्यं मराठीत आणायची. मध्ये 'वेड लावणारा आवाज', 'पुन्हा पुन्हा ऐकावंसं', 'पाय आपोआप थिरकतात' यातलं एक टाकायचं — गेल्या आठवड्यात न वापरलेलं. शेवटी 'ऐकाच!' झालं. पंचवीस मिनिटं.

ऐकत नाही. एकही ऐकलेली नाही. जूनपासून एकोणतीस कॅसेटी, एकोणतीस शिफारशी, ऐकल्या शून्य. आतल्या कागदावर शब्द छापलेले असतात, तेवढे वाचले की पुरे. 'नीला बुखार'च्या पहिल्या गाण्यात 'ओ ओ' छत्तीस वेळा आहे. हे ऐकायला कशाला हवं?

कॅसेटी घरी सुमंगलाला देतो. बहीण खूश. कंपनीच्या कॅसेटीवर वरच्या कडेला दोन खाचा मोकळ्या असतात, म्हणजे त्यावर दुसरं काही भरता येऊ नये. ती त्या खाचांवर सेलोटेप चिकटवते आणि तिच्या महिला मंडळाची भजनं भरते. आत्तापर्यंत एकोणतीस पॉप गायकांच्या डोक्यावर अभंग बसले. देशात कुणी संगीताची याहून मोठी सेवा केली असेल असं मला वाटत नाही.

११ ऑक्टोबर

दसरा. सेजलने वाचकांना सोनं दिलं. मला कुणी दिलं नाही.

१६ ऑक्टोबर

बस स्टँडवर एका दशावतार कंपनीचं पत्रक लागलंय. यंदाच्या दहीकाल्यांची, म्हणजे गावोगावच्या जत्रेतल्या रात्रभरच्या खेळांची यादी. खाली मोठ्या अक्षरांत — 'ट्रिकसीनसह!' धूर, लायटिंग, उडता राक्षस. छान. आता राक्षस उडतो म्हणजे राणीला गाता आलं नाही तरी चालेल.

मी राणी होतो तेव्हा काही उडत नव्हतं. एक बाकडं, एक पेटी, एक मृदंग. वनात टाकलेली राणी मी अकरा वर्षं केली. आमच्या खेळाला लिहिलेलं काही नसतं, सगळं उभ्या उभ्या बोलायचं आणि गायचं. एकाहत्तर साली हरमलच्या काल्यात राणीच्या विलापाला एक चाल अचानक तोंडात आली. कुठून आली, देव जाणे. पेटीवाला क्षणभर बोटं वर धरून बसला, मग मागून आला. तिसऱ्या ओळीत माझा श्वास पुरायचा नाही — पोलकं शिवणाऱ्याने काखेत घट्ट केलं होतं — म्हणून शब्दाच्या मध्येच थांबायचो आणि उरलेला शब्द खालून उचलायचो. लोकांना वाटायचं हुंदका! पुढे बसलेल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. मी मनात शिंप्याला शिव्या द्यायचो.

तीन हिवाळे ती चाल गायलो. मग घशात गाठी. ऑपरेशन. हा आत्ताचा आवाज, पत्रा घासल्यासारखा. साडी दुसऱ्याने नेसली, आणि त्याने विलाप कुठल्याशा सिनेमाच्या चालीवर घेतला. लोकांनी वन्समोअर दिला. विसरले! एक जण म्हणाला नाही, की अरे, आधीची चाल कुठे गेली? इतक्या वर्षांत एकाने म्हटलेलं नाही. ती मीसुद्धा गुणगुणत नाही. या घशातून ती काढायची म्हणजे तिची विटंबना.

पुरे. उद्या दोन शिफारशी लिहायच्या आहेत.

२० ऑक्टोबर

आज वेगळंच पार्सल. कंपनीचं नाही. वहीच्या कागदात गुंडाळलेली कॅसेट आणि 'सेजल यांस' पत्र. पाठवणारा श्रीनाथ, राहणार तुये, तालुका पेडणे. तिथल्या कारखान्यात बल्ब खोक्यात भरतो. तीन वर्षं टेम्पररी, जानेवारीत पर्मनंट होणार. गाणी त्याचीच, शब्द त्याचे, गळा त्याचा. म्हापशात कुणाच्या तरी मागच्या खोलीत रेकॉर्डिंग, पाचशे प्रती स्वखर्चाने. नाव 'वाऱ्याक सांग'. चार गाणी कोंकणी, चार मराठी. म्हणजे राज्यभाषेवरून अजून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या शिव्या खाण्याची सोय झाली. राज्य होऊन दहा वर्षं झाली तरी आमच्याकडे गाणं ऐकण्याआधी ते कुठल्या पार्टीचं हे विचारतात!

पत्र चार पानी. 'दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, "शापोऱ्याच्या काठार", याची चाल माझी नाही. माझी आई काम करताना गुणगुणते ती आहे. तिनं कुठं ऐकली ते तिला आठवत नाही. मी फक्त कीबोर्ड आणि ठेका घातला. तुम्ही ते गाणं ऐकून काय वाटलं ते अवश्य लिहावं.'

आईची चाल! झालं. कांदा चिरताना काय गुणगुणतात तेही आता कॅसेटवर येणार. उद्या कुणी घोरणं भरील.

कव्हरवर स्वतः उभा आहे, कुणाची तरी मोटरसायकल धरून. शर्टाची बटणं मात्र सगळी लावलेली. तेवढ्यासाठी बरी शिफारस लिहीन म्हणतो.

२५ ऑक्टोबर

लिहिली. छापली. पत्रक नव्हतं, त्यामुळे भाषांतराला काही नव्हतं. मग हात मोकळा सुटला. स्टेजवर असाच सुटायचा. शेवट असा केला —

'श्रीनाथ, असा गळा लाभलेला मुलगा बल्ब कसले भरत बसलाय? सोड ती नोकरी! सोड ते खोकं! गा!! उत्तर गोवा तुझी वाट बघतोय!!!'

बाब म्हणाले, "खूब बरें जालां." उत्तम झालंय म्हणे. सुमंगलाने कॅसेट नेली. सोमवारी मंडळात रेकॉर्डिंग आहे.

३० ऑक्टोबर

दिवाळी. आळीतल्या पोरांनी नरकासुराच्या पुतळ्यापुढे 'नीला बुखार' लावलं होतं. पहिल्यांदाच कानावर पडलं. छत्तीस नव्हे, अडतीस वेळा आहे.

१० नोव्हेंबर

श्रीनाथचं पत्र. एकच पान.

'सेजल यांना सप्रेम नमस्कार. तुमचा लेख आईला तीनदा वाचून दाखवला. शनिवारी राजीनामा दिला. मॅनेजर भले आहेत, म्हणाले महिनाअखेरपर्यंत कागद खणात ठेवतो, विचार कर. विचार झाला आहे. तुम्ही म्हणालात म्हणून धीर आला.'

वेडा आहे काय हा! पेपरात छापलेलं कुणी खरं मानतं का? आम्ही दर आठवड्याला राशिभविष्य छापतो, तेही मीच लिहितो. तूळ राशीला मी गेल्या महिन्यात परदेशगमन दिलं. तूळवाले सगळे डिचोलीतच आहेत.

गोकुळदासला दाखवलं. तो म्हणाला, "पर्मनंटाक जानेवारी म्हळ्यार दीड म्हयनो." मलाही मोजता येतं.

१४ नोव्हेंबर

आज काय झालं ते लिहायलाच हवं. आधी हसलो. आता हसू येत नाही.

अकराच्या सुमारास एक बाई कचेरीत आली. पन्नाशीच्या आतली, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. तुयेहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, दोन बस बदलून. बाकावर बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "हंयसर सेजल म्हणान चेडू काम करता मां? तिका बगूक इलंय."

श्रीनाथची आई. यशोदा.

"रजेवर आहे," मी म्हणालो.

"कोणाचा चेडू ता? आपल्यातलाच मां?"

मी म्हणालो, तसंच काहीसं. मग तिने पिशवीतून काढली — पत्रिका! मुलाची! हळदीचं बोट लावलेली. म्हणाली, शिकलेली मुलगी, इतकं गोड लिहिते, आमच्या मुलाचं गाणं तिला एवढं आवडलं, मग आणखी काय हवं? मुलगाही नाही म्हणणार नाही, दिवसातून चार वेळा तो कागद काढून बघतो.

मिशीतून हसू बाहेर पडणार होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "देवाक पाकळ्यो लायल्यो मीया. दोन गजाली इचारलंय."

आमच्याकडे हे आहेच. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. घर बांधणं, लग्न, कोर्टकज्जा, सगळं असं विचारतात.

"नोकरी सोडूची काय? डावी पडली. ह्या चेडवाचा नि आमचा जुळात काय? उजवी! चटकन. भटजी सुदिक चकित झाले."

"मग देवाने नको म्हटलं तरी नोकरी सोडली कशी त्याने?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तो म्हणता, देवान खंय कॅसेट आयकली? सेजलान आयकली."

माझ्यापुढे प्रूफ होतं. त्यावर मी नसलेली चूक दुरुस्त केली.

मग ती मूळ गोष्टीवर आली. लग्नाचं सावकाश बघू. आधी नोकरी. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा, गेला त्याला सहा वर्षं झाली. हा पर्मनंट होईल या एका आशेवर ती आहे. "तिच्या शब्दार गेलो तो, तिच्याच शब्दार परततलो. तिका सांगा, एक ओळ लिव म्हणान. गाणी काय, रविवारी गावची. नोकरी सोडू नको, एवढ्याच लिव."

जाताना उंबऱ्याशी थांबली. "तुमका मीया खंय तरी बगितलंय."

"डिचोलीत सगळ्यांनी बघितलंय," मी म्हणालो.

"हात कशे हालयतास तुमी. बायलमाणसासारके." आणि हसली. मी हात टेबलाखाली घेतले.

१५ नोव्हेंबर

कृष्णनाथबाबांना सगळं सांगितलं. म्हटलं, मी तुयेला जातो. सांगतो त्याला, सेजल म्हणजे मी, आणि कॅसेट मी ऐकलेली नाही. कागद अजून खणात आहे.

बाब खुर्चीतून उठलेच. "पिसो जाला रे? दोनशें अंक चड खपतात तिच्या नांवार! उद्या सगळ्या पेडण्यांत जातलें, सेजल म्हळ्यार टकलो शंभू!" मग गोडीत आले, माझ्यासाठी चहा आणि पाव मागवला. "सेजलाकूच बरोवंक सांग. तिणेंच घातलो, तिणेंच काडचो." म्हणजे लिहायचं सेजलनेच, पेपरातून.

खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं झालं. त्या मुलासमोर उभं राहून सांगायचं — काय? मी जन्मभर बायकांचे पार्ट केले आणि आता कागदावरही करतो? तो माझ्या टकलाकडे बघणार, आणि मी काय बघणार?

१७ नोव्हेंबर

नुसतं 'नोकरी सोडू नकोस' लिहून चालणार नाही. तो म्हणेल, सेजल काळजीपोटी लिहितायत. आशा मुळासकट काढायला हवी. म्हणजे गाणीच वाईट म्हणायला हवीत.

ते मला जमेल.

१९ नोव्हेंबर

लिहून झालं. एका बैठकीत! जूनपासून पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या मनातलं लिहिलं, नाव सेजलचं असलं म्हणून काय झालं? इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. हे सगळे घोड्याला टेकणारे, हे कीबोर्ड, हे ठेके, हे घरच्या घरी गायक होणारे!

इथे उतरवून ठेवतो, कारण चांगलं साधलंय —

'श्रीनाथ, तुझी कॅसेट पुन्हा ऐकली. पहिल्यांदा मी भुलले. दुसऱ्यांदा कान उघडे ठेवून ऐकली. गळा बेताचा आहे, शब्द त्याहून बेताचे. आणि ते शेवटचं गाणं! आई कामाच्या नादात जे गुणगुणते ते घरातच राहू द्यावं. ती चाल शिळी आहे, रडकी आहे, कुणा नवशिक्याने कधी तरी जोडलेली असावी. असल्या चालीवर कुणी आयुष्य उधळत नाही. मी तुला नोकरी सोड म्हणाले, ती माझी चूक. परत जा.'

उद्गारचिन्ह फक्त एक.

बाब वाचून म्हणाले, "मातशें तिखट जालां." मी म्हटलं, औषध आहे.

२२ नोव्हेंबर

छापलं.

२८ नोव्हेंबर

पोस्टकार्ड.

'सेजल यांस, राजीनामा मागे घेतला. मॅनेजरनी कागद माझ्या देखत फाडला. पहिल्यांदा तुम्ही घाईत ऐकलं असेल. दुसऱ्यांदा नीट ऐकून खरं ते सांगितलंत, त्याबद्दल आभारी आहे. आईला हा लेख वाचून दाखवलेला नाही. तिला वाचता येत नाही ते बरं झालं. — श्रीनाथ'

चला. एक कामगार वाचला, एक गायक कमी झाला. दोन्ही बाजूंनी फायदा. सेजलची ही एकच शिफारस कामाला आली म्हणायची.

'नीट ऐकून' या शब्दांखाली त्याने रेघ मारली आहे. कशाला मारायची रेघ?

२ डिसेंबर

नवं पार्सल. पाच कॅसेटी. लिहायला बसलो, 'वेड लावणारा आवाज'वर अडलो. शेवटी राशिभविष्य आधी उरकलं. मेष राशीला सुख दिलं.

८ डिसेंबर

यशोदा आली होती. पिशवीत जत्रेचं खाजं आणि नारळ. सेजलसाठी. मी म्हणालो, ती पुण्याला गेली, मामाकडे, आता परत येत नाही. तिने पत्रिका मागून घेतली, नीट घडी करून ठेवली. "उजवी पडली होती पण," एवढंच म्हणाली.

खाजं मलाच दिलं. तुम्ही निरोप पोचवलात, तुमचे उपकार. जानेवारीत पर्मनंटची चिठ्ठी मिळणार हे नक्की झालंय.

"खूश आहे ना श्रीनाथ?" मी विचारलं.

"कामार जाता. येता. जेयता." तिने पिशवीची घडी घातली. "गायना नाय. उरलेल्यो कॅसेटी भजनी मंडळांका वाटून टाकल्यान. कोरी म्हणान वापरा म्हणालो. दुकानातल्योय परत हाडल्यान."

मी खाज्याचा तुकडा तोंडात टाकला. काहीतरी करायला हवं होतं.

"आणि माका म्हणता, आये, तू ती चाल गुणगुणू नको. कित्याक ता सांगना नाय. मीया म्हटलंय, रे, चेडू होतंय तेव्हापासून म्हणतंय, कोणाक काय त्रास? तर म्हणता, नको." ती उठली. "आता पोळ्ये घालताना तोंडात येता नि मीया थांबतंय. सवय होतली."

गेल्यावर गोकुळदास म्हणाला, खाजं बरं आहे. मी त्याला सगळं देऊन टाकलं.

मला वाईट वाटलं. लिहून ठेवतो. एका बाईच्या तोंडचं गाणं काढून घेतलं मी, आणि मला ते कसं होतं हेही माहीत नाही. सुमंगलाला विचारलं, ती कॅसेट आहे का? म्हणाली, त्याच्यावर कार्तिकातली भजनं भरली, आता काय करायचीय? काही नाही, म्हटलं.

१३ डिसेंबर

सेजल आजारी असल्याने सदर नाही, असं छापलं. तीन वाचकांनी औषधं कळवली.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी दाढी करत होतो. सुमंगला मागल्या दारी तांदूळ निवडत होती, टेप लावलेला. तिच्या मंडळाची भजनं. आरती झाली, बायका बोलल्या, कुणी तरी खोकलं, खट्ट झालं. बंद करायला उठली नाही. फीत पुढे चालू राहिली.

स्वस्त कीबोर्ड. डबा वाजवल्यासारखा ठेका. आणि एक कोवळा गळा, गाण्याच्या मधूनच.

ती चाल माझी आहे. राणीचा विलाप.

मला वाटलं भास. मग तिसरी ओळ आली आणि तो शब्दाच्या मध्येच थांबला. नेमका तिथेच! आणि उरलेला शब्द खालून उचलला. त्याचं पोलकं कुठे घट्ट होतं? ते यशोदाने जपलं होतं, काखेतल्या शिवणीसकट, सव्वीस वर्षं, चुलीपाशी. पहिल्या दिवशी निघताना सांगून गेली होती, माहेर हरमलचं. मी वहीत लिहिलंदेखील नाही.

सव्वा मिनिट. मग फीत संपली. बाकी सगळ्यावर भजनं आहेत, आणि उरलेल्या कॅसेटींवर इतरांची.

दोनदा लिहिलं. ऐकलं आज.

सुमंगला म्हणाली, "रडतोस कित्याक रे? ब्लेड लागलें?" मी कॅसेट काढली आणि खाचांवरची सेलोटेप नखाने सोलून टाकली. तुयेला जायला म्हापशाची बस सव्वानऊची आहे. अर्ध्या गालाला साबण आहे अजून.